मुक्तिबोध : एका पगारदार अध्यापकाचे चरित्र

१९५८ साली गजानन माधव मुक्तिबोध नागपूर सोडून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात हिंदीचे अध्यापक म्हणून रुजू झाले, तेव्हा राजनांदगाव दुर्ग जिल्ह्यात मोडत असे. त्याच जिल्ह्यात, तेथून सुमारे चाळीस किलोमीटरांवर, भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारातून निर्माण झालेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पेटविण्यात आली. भिलाईत कामगार आले आणि त्यांच्यामागोमाग त्यांचे संघही आले. इंटक व आयटक या दोन्ही मध्यवर्ती संघटनांशी संलग्न असलेले कामगार संघ तेथे पहिल्या काही वर्षांतच काम करू लागले. नोकरीत अन्याय झाला तर दाद कोठे मागावी, आपल्या वतीने कोणी बोलावे, हे भट्टीवरील कामगाराला निदान ठाऊक होते. राजनांदगावच्या अध्यापकाला मात्र याच दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत. मुक्तिबोधांच्या अखेरच्या सहा वर्षांचा विचार करताना हा भेद दृष्टीआड करून चालत नाही.

मुक्तिबोधांवर हिंदीत विपुल लिहिले गेले आहे. त्यातील बहुतेक लेखन त्यांना एकाकी, उपेक्षित आणि अकाली मृत्यू पावलेला कवी म्हणून पाहते. ते चित्र खोटे नाही. परंतु अपुरे आहे. त्यांचे एकाकीपण केवळ स्वभावजन्य नव्हते. शाळा, वृत्तपत्रे, सरकारी कचेऱ्या, आकाशवाणी आणि महाविद्यालय यांमधून पंचवीस वर्षे पगारावर जगलेल्या, पण ज्याच्या वर्गाला अद्याप संघटनेचे बळ लाभलेले नव्हते, अशा बुद्धिजीवी माणसाचे ते एकाकीपण होते. त्या दृष्टीने त्यांच्या चरित्राची फेरमांडणी करण्याचा येथे प्रयत्न आहे. मराठी अभ्यासकाला या चरित्राविषयी विशेष आस्था वाटावी, याला आणखीही एक कारण आहे. हा हिंदीचा कवी मराठी घरात जन्मला व वाढला.

मुक्तिबोधांचे पणजोबा खानदेशातील जळगावाहून उत्तरेकडे ग्वाल्हेर संस्थानात गेले. मराठी सत्तेच्या विस्ताराबरोबर माळवा व बुंदेलखंडात स्थायिक झालेल्या शेकडो कुटुंबांपैकीच हे एक कुटुंब होते. वडील माधवराव संस्थानच्या पोलीस खात्यात होते. आई पार्वतीबाई इसागढकडील शेतकरी घराण्यातल्या. गजाननांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपुर येथे झाला. वडिलांच्या बदल्यांमुळे त्यांचे बालपण गावोगावी गेले, आणि शाळेतील अभ्यासही त्यामुळे विस्कळीत झाला. घरात मराठी आणि बाहेर हिंदी अशा दोन भाषांत ही मुले वाढली. पुढे थोरल्या भावाने हिंदीत लिहिले, तर धाकटे बंधू शरच्चंद्र यांनी मराठीत. शरच्चंद्र मुक्तिबोध हे मराठी नवकाव्याच्या काळातील एक महत्त्वाचे कवी, कादंबरीकार आणि साहित्यमीमांसक होत. त्यांच्या ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथास १९७९ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. एकाच घरातील दोन भावांनी दोन भाषांत मार्क्सवादी सौंदर्यविचाराशी निष्ठेने झुंज घ्यावी, हा भारतीय साहित्यांच्या तुलनात्मक अभ्यासातला एक दुर्मिळ योग आहे.

इंदूरच्या होळकर महाविद्यालयातून मुक्तिबोध १९३८ मध्ये बी. ए. झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी घरच्यांच्या इच्छेविरुद्ध शांताबाईंशी विवाह केला. संसाराचा भार लवकर अंगावर आला आणि नोकऱ्यांची मालिका सुरू झाली. शुजालपूरच्या शारदा शिक्षा सदनात ते शिक्षक होते. तेथेच नेमिचंद्र जैन यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला आणि मार्क्सवादाचा अभ्यास सुरू झाला. त्यानंतर ते उज्जैनला आले. १९४३ मध्ये अज्ञेय यांनी संपादित केलेल्या ‘तार सप्तक’ या संग्रहातील सात कवींत मुक्तिबोधांचा समावेश होता. त्याच संग्रहात प्रभाकर माचवे हे आणखी एक मराठीभाषी कवी होते. उज्जैनच्या वास्तव्यात मुक्तिबोधांनी मध्य भारत प्रगतिशील लेखक संघाच्या उभारणीत पुढाकार घेतला. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. संघटनेचे महत्त्व त्यांना पहिल्यापासून पटलेले होते. जेथे जातील तेथे समानधर्मी माणसे गोळा करण्याची त्यांची धडपड असे. पण लेखकांचा संघ विचारांच्या देवाणघेवाणीला उपयोगी पडतो. नोकरी आणि वेतन यांचे रक्षण करणे हे त्याचे कार्य नव्हे. हे रक्षण करणारी संघटना मुक्तिबोधांना आयुष्यात कोठेच भेटली नाही.

१९४५ च्या सुमारास ते बनारसला ‘हंस’ मासिकात होते, तेथून जबलपूरला आले. तेथे शाळेत शिकविणे आणि वृत्तपत्रांत लिहिणे असा दुहेरी उद्योग चालला. १९४८ मध्ये ते नागपूरला गेले. नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी होती, आणि मराठी व हिंदी या दोन्ही भाषांचा वावर असलेले ते शहर मुक्तिबोधांना मानवले. सरकारच्या माहिती खात्यात आणि पुढे आकाशवाणीच्या वृत्तविभागात त्यांनी काम केले. पस्तिशी ओलांडल्यावर त्यांनी नागपूर विद्यापीठाची एम. ए. पदवी मिळविली. विद्वत्तेचा मान मिळावा म्हणून ही परीक्षा दिलेली नव्हती. महाविद्यालयात शिकविण्याची पात्रता अंगी यावी आणि कचेरीच्या कारकुनी जीवनातून सुटका व्हावी, एवढाच तिचा हेतू होता. सरकारी नोकराला राजकीय विषयांवर मोकळेपणाने लिहिता येत नसल्यामुळे या काळातील त्यांचे पुष्कळसे लेखन टोपणनावांनी प्रसिद्ध झाले. आपल्या मतांवर कोणाची तरी नजर आहे, ही जाणीव पुढे त्यांच्या कवितेत जी पछाडल्यासारखी वावरते, तिचा उगम नागपूरच्या या दिवसांत शोधावा लागतो. एम्प्रेस मिलच्या कामगारांवर झालेला गोळीबार त्यांनी पत्रकार म्हणून जवळून पाहिला होता, आणि ‘अंधेरे में’ या दीर्घकवितेच्या जडणघडणीशी समीक्षकांनी त्याचा संबंध जोडला आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना अंमलात आली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नव्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. इतिहासाच्या पुस्तकांत पुनर्रचना म्हणजे भाषिक आकांक्षांची पूर्ती असते. नागपुरातील हजारो कचेरी-नोकरांना मात्र ती बदलीच्या हुकुमाच्या रूपाने भेटली. मुक्तिबोधांपुढेही भोपाळला जाण्याचा प्रश्न उभा राहिला. ते गेले नाहीत. आकाशवाणीची नोकरी सोडून त्यांनी ‘नया खून’ या साप्ताहिकाचे संपादन पत्करले. सरकारच्या धोरणात्मक निर्णयामुळे त्यांची उपजीविका मुळापासून हलण्याचा हा पहिला मोठा प्रसंग होता. त्यातून मार्ग काढण्याचा भार त्यांच्या एकट्यावरच पडला. साप्ताहिकाचे उत्पन्न बेभरवशाचे, कुटुंब वाढलेले, कर्ज पाठीशी. अशा स्थितीत १९५८ मध्ये राजनांदगावचे बोलावणे आले, तेव्हा ते त्यांना वरदानासारखे वाटले असल्यास नवल नाही.

दिग्विजय महाविद्यालय संस्थानिकांच्या जुन्या वाड्यात भरत असे. दोन्ही बाजूंना तळी, मध्ये वाडा, आणि त्याच परिसरात मुक्तिबोधांचे बिऱ्हाड. त्यांच्या कवितेत येणाऱ्या विहिरी, जिने, भुयारे, पडके बुरूज आणि काळोखी जलाशय यांना या वास्तूने पुष्कळ काही पुरविले. आयुष्यात प्रथमच त्यांना थोडे स्थैर्य लाभले. दिवसा तास, रात्री लेखन, असा क्रम सुरू झाला. जयशंकर प्रसाद यांच्या महाकाव्याचे पुनर्मूल्यमापन करणारा ‘कामायनी : एक पुनर्विचार’ हा ग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक दीर्घकविता याच वास्तव्यात पूर्णत्वाला गेल्या.

राजनांदगाव हे कामगारलढ्यांचेही जुने गाव होते. तेथील बंगाल-नागपूर कापड गिरणीतील कामगारांनी ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली १९२० मध्येच दीर्घ संप केला होता. म्हणजे मुक्तिबोधांच्या घरापासून जवळच्या गिरणीत चार दशकांची संघटित परंपरा होती आणि चाळीस किलोमीटरांवरील भिलाईत नवी परंपरा आकार घेत होती. गिरणी आणि भट्टी यांच्या मध्ये असलेले महाविद्यालय तेवढे या परंपरेच्या बाहेर राहिले. अध्यापक स्वत:ला कामगार मानीत नव्हता आणि कामगारही त्याला आपल्यातला समजत नव्हता. पगार तुटपुंजा असला तरी पेशा प्रतिष्ठेचा, ही समजूत अध्यापकांच्या संघटनेच्या आड येणारी सर्वांत मोठी अडचण होती. तिची किंमत किती पडते हे १९६२ मध्ये दिसून आले.

त्या वर्षी मुक्तिबोधांचे ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे शालेय विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले पुस्तक मध्यप्रदेशात पाठ्यपुस्तक म्हणून मान्य झाले होते. त्यापासून मिळणाऱ्या उत्पन्नातून कर्जाचा बराचसा भाग फिटेल अशी त्यांना आशा होती. परंतु पुस्तकाविरुद्ध ओरड सुरू झाली. प्राचीन भारतीय समाज, धर्म आणि थोर पुरुष यांविषयी त्यात आलेली काही विधाने आक्षेपार्ह ठरविण्यात आली. राजकीय विरोधाला व्यावसायिक स्पर्धेचीही जोड मिळाली, कारण पाठ्यपुस्तकांची मान्यता ही प्रकाशकांच्या दृष्टीने मोठ्या उलाढालीची बाब होती. सभा झाल्या, पुस्तकाच्या प्रती जाळण्यात आल्या, आणि सप्टेंबर १९६२ मध्ये राज्य सरकारने पुस्तकावर बंदी घातली. ज्या शासनाने पुस्तक मान्य केले होते त्यानेच ते बेकायदा ठरविले. प्रकरण जबलपूरच्या उच्च न्यायालयात गेले. १९६३ मध्ये आलेल्या निकालाने काही भाग वगळून पुस्तक प्रसिद्ध करण्यास वाट ठेवली; पण तोपर्यंत ते शाळांतून गेलेले होते आणि लेखकाच्या हाती विशेष काही लागले नाही.

या प्रसंगी मुक्तिबोधांची नोकरी गेली नाही, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. महाविद्यालयाने त्यांना दूर लोटले नाही. जबलपूरला हरिशंकर परसाई यांच्यासारखे मित्र होते, त्यांनी साथ दिली. परंतु मित्रांची साथ आणि संघटनेचा आधार यांत अंतर असते. मित्र धीर देतो, पदरचे चार पैसे देतो, एखादा लेख लिहितो. संघटना एका माणसाचा प्रश्न त्याच्या वर्गाचा प्रश्न करते. मान्य झालेले पाठ्यपुस्तक मागे घेताना तज्ज्ञांची समिती नेमावी, लेखकाचे म्हणणे ऐकून घ्यावे, इतिहासविषयक मतभेद रस्त्यावर न मिटवता अभ्यासमंडळात मिटवावा, या मागण्या कोणत्याही एका अध्यापकाच्या हिताच्या नव्हत्या. त्या अध्यापनव्यवसायाच्या सन्मानाशी निगडित होत्या. पुस्तकातील मते ज्यांना अमान्य होती, अशा अध्यापकांनाही त्या मांडता आल्या असत्या. त्या मांडण्यासाठी अध्यापकवर्ग एकत्र आला नाही आणि मुक्तिबोध भोपाळ-जबलपूरच्या खेपा घालीत राहिले. या प्रकरणाने त्यांचे मन आणि शरीर दोन्ही खचले, याविषयी त्यांच्या निकटवर्तीयांत दुमत नाही.

अध्यापकांच्या या दुबळेपणाला कायद्याचीही बाजू आहे. ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात १९२१ मध्ये मांडलेल्या ठरावापासून ज्याची वाटचाल सुरू झाली, तो कामगार संघांचा अधिनियम १९२६ मध्ये संमत झाला. स्वत: जोशी काही वर्षे शिक्षक होते, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. त्यानंतर १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाने कामगाराला तक्रार-निवारणाची यंत्रणा दिली. परंतु १९६३ मध्ये, मुक्तिबोधांच्या पुस्तकाचा निकाल लागला त्याच वर्षी, सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली विद्यापीठाच्या एका बसचालकाच्या प्रकरणात शिक्षण हा उद्योग नव्हे असा निर्णय दिला. त्यामुळे अध्यापक तर राहोच, विद्यापीठाची बस चालविणाराही या कायद्याच्या संरक्षणाबाहेर पडला. १९७८ मध्ये बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात न्यायालयाने उद्योगाची व्याख्या व्यापक केली आणि शिक्षणसंस्था तिच्यात आल्या. तरीही १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात शिक्षक हा त्या कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हे असे ठरले. संस्था हा उद्योग, शिपाई हा कामगार, आणि शिक्षक मात्र कामगार नव्हे, अशी ही विलक्षण अवस्था होती. अर्थात संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य राज्यघटनेने सर्वांना दिलेले आहे. अध्यापकाला ते वापरावयाचे असेल तर कायद्याच्या यंत्रणेपेक्षा आपल्या एकजुटीवर अधिक भिस्त ठेवावी लागते.

फेब्रुवारी १९६४ मध्ये मुक्तिबोधांना पक्षाघाताचा झटका आला. भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात उपचार झाले. पण प्रकृती ढासळत गेली. तेव्हा हिंदी लेखकांनी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्याकडे धाव घेतली आणि त्यांना दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत हलविण्यात आले. दीर्घकाळ बेशुद्धावस्थेत राहून ११ सप्टेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. वय सेहेचाळीस वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी त्यांचे पुस्तक बंद झाले तेव्हा जी एकजूट दिसली नाही, ती ते मृत्युशय्येवर असताना दिसली. आजारी कवीसाठी समाज हळहळतो, देणग्या गोळा करतो. संकटातल्या अध्यापकासाठी मात्र त्याला उभे राहता येत नाही. कारण पहिली गोष्ट दयाबुद्धीने साधते आणि दुसरीला हक्काची जाणीव लागते.

हयातीत त्यांचा स्वतंत्र कवितासंग्रह निघाला नाही. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा संग्रह श्रीकांत वर्मा यांनी सिद्ध केला आणि शमशेरबहादूर सिंह यांनी त्यास प्रस्तावना लिहिली. तो आणि ‘एक साहित्यिक की डायरी’ ही दोन्ही पुस्तके १९६४ मध्ये बाहेर आली. नेमिचंद्र जैन यांनी संपादिलेली सहा खंडांची रचनावली १९८० मध्ये प्रकाशित झाली, आणि विसाव्या शतकातील हिंदी कवितेचा नकाशा त्यांच्याशिवाय काढता येणार नाही हे सर्वमान्य झाले.

नोकरीच्या या इतिहासाच्या प्रकाशात त्यांची कविता वाचली, तर तिचे काही विशेष अधिक स्पष्ट होतात. ‘ब्रह्मराक्षस’ या कवितेत एक प्रकांड पंडित ओस पडलेल्या विहिरीत कोंडला गेला आहे. त्याचे ज्ञान अफाट आहे, पण ते कोणापर्यंत पोहोचत नाही, आणि आपल्याच शुद्धतेच्या ध्यासात तो झिजून जातो. ही प्रतिमा जितकी तत्त्वज्ञानात्मक तितकीच सामाजिकही आहे. आपल्या वर्गापासून आणि श्रमिकांपासून तुटलेल्या विद्वानाचे ते चित्र आहे. ‘अंधेरे में’ या कवितेतील निवेदक मध्यरात्री एक मिरवणूक पाहतो. तिच्यात सत्ताधाऱ्यांच्या बरोबरीने शहरातील नामांकित लेखक, विचारवंत आणि प्रतिष्ठितही चालत असतात. त्यांना पाहिल्यामुळेच निवेदकाचा जीव धोक्यात येतो आणि तो पळत सुटतो. शेवटी ज्या हरवलेल्या आत्मरूपाचा तो शोध घेतो, ते त्याला सामान्य जनांच्या गर्दीत जाणवते. बुद्धिजीवी माणसाने कोणाच्या बाजूला उभे राहावयाचे, हा या कवितेचा प्रश्न आहे. ज्याच्या बाजूला उभे राहणारे कोणी नव्हते अशा माणसाने तो विचारावा, यात त्याची नैतिक थोरवी आहे. मुक्तिबोधांनी स्वत:च्या गाऱ्हाण्याची कविता केली नाही. आपल्या वर्गाच्या भ्याडपणाची उलटतपासणी केली आणि त्या तपासणीतून स्वत:ला वगळले नाही. कवितेचा उगम केवळ पगाराच्या चिंतेत शोधणे अर्थातच भाबडेपणाचे ठरेल. तथापि ती चिंता वगळून केलेले वाचनही तितकेच अपुरे आहे.

ज्या १९६२ सालात मुक्तिबोधांच्या पुस्तकावर बंदी आली, त्याच वर्षी विद्यापीठीय व महाविद्यालयीन शिक्षकांचा अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. त्यांना त्याचा लाभ मिळण्याइतका वेळ काळाने दिला नाही. १९८६ चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आल्यानंतर, १९८७ मध्ये वेतनश्रेणी व सेवाशर्तींच्या प्रश्नावर देशभरातील प्राध्यापकांनी प्रदीर्घ संप केला. २०१३ मध्ये महाराष्ट्रातील प्राध्यापकांनी विद्यापीठ परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला. या लढ्यांच्या गुणदोषांविषयी, विशेषत: विद्यार्थ्यांच्या झालेल्या गैरसोयीविषयी, मतभेद राहतील. पण शासनाचे धोरण बदलते तेव्हा अध्यापकाला एकट्याने भोपाळच्या खेपा घालाव्या लागू नयेत, एवढे तरी त्यांनी साधले. जे साधले नाही तेही मोठे आहे. या लढ्यांचे फळ मुख्यत: कायम अध्यापकांना मिळाले. महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर आणि छत्तीसगडात अतिथी व्याख्याता म्हणून शिकविणारी तरुण मंडळी, पदवी असूनही, मुक्तिबोधांच्या शुजालपूर-जबलपूरच्या दिवसांत अजून जगत आहेत.

आज दुर्ग, भिलाई आणि राजनांदगाव हा पट्टा शिक्षणसंस्थांनी गजबजलेला आहे. भिलाईत तंत्रविद्यापीठ आहे, भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे. दुर्गला स्वतंत्र विद्यापीठ आहे. दिग्विजय महाविद्यालयाच्या परिसरात मुक्तिबोधांचे स्मारक उभारलेले असून ते पाहावयास दूरदूरचे अभ्यासक येतात. स्मारक योग्यच आहे. मात्र ज्या महाविद्यालयांत मुक्तिबोधांची कविता अभ्यासक्रमाला लावली जाते, तेथे ती शिकविणारा अध्यापक पुढील सत्रात नोकरीत असेल की नाही, हा प्रश्नही त्या कवितेच्या आकलनाचाच एक भाग मानावयास हवा. भारतीय साहित्यांचा अभ्यास करणारे आपण सर्व पगारदार आहोत, आणि या चरित्राचा धडा आपल्यासाठीही तेवढाच आहे.